नापास असल्याचा दाखला

पास झाल्याचा दाखला कुणालाही मिळतो. त्यासाठी फक्त पास व्हावं लागतं. नापास असल्याचा दाखला मिळवणं किती जिकिरीचं असतं, ते मला विचारा. आमच्या सोसायटीत तरी या विषयातला माझ्याइतका जाणकार दुसरा नाही, आणि हे मी आता कुणासमोरही छाती पुढे काढून सांगतो.

झालं असं, की दहावीच्या परीक्षेला पाच आठवडे उरलेले असताना माझी पुतणी स्टुलावरून पडली. धाकट्या भावाचं घर आमच्या समोरच, एकाच मजल्यावर. पुतणीला दोन्ही घरांत 'बाईसाहेब' म्हणतात, कारण ती तीन वर्षांची असल्यापासून हुकूम सोडते. तर बाईसाहेब स्टुलावर चढून काय करत होत्या? भिंतीवर अभ्यासाचं वेळापत्रक चिकटवत होत्या. अभ्यास करताना कुणी पडल्याचं ऐकिवात नाही; पण वेळापत्रक चिकटवताना हिचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टरांनी बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि म्हणाले, "आठ आठवडे." आठातून पाच गेले तीन. एवढं गणित मलाही येतं.

म्हणजे एकतर वर्ष सोडायचं, नाहीतर लेखनिक घ्यायचा. लेखनिक म्हणजे ही तोंडाने सांगणार आणि तो उत्तरपत्रिकेत लिहिणार. वर्ष सोडायचं नाव काढल्यावर बाईसाहेब रडल्या. मी तिला इतरांना रडवताना पुष्कळ वेळा पाहिलंय, रडताना पहिल्यांदाच पाहत होतो. "काका, माझा सगळा अभ्यास झालाय हो," एवढंच म्हणाली. मला ते बघवेना. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की वर्ष वाया जाणार नाही. कसं, ते मला ठाऊक नव्हतं, पण सेक्रेटरीने आधी जाहीर करायचं असतं.

मी अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे. नोटिसा, अर्ज, तक्रारी, निषेधपत्रं, शोकसंदेश, सगळं माझ्या हातचं. 'सदरहू', 'उपरोक्त', 'सबब विनंती की' हे शब्द माझ्या लेखणीतून आपोआप पडतात. पालिकेतला पाणीवाला साहेबसुद्धा एकदा म्हणाला होता, की तुमचं पत्र वाचताना उभं राहावंसं वाटतं. साहजिकच लोक मला एम. ए. समजत. मी कधी खोटं बोललो नाही. कुणी विचारलं नाही, एवढंच. लग्न ठरताना आमच्या वडिलांनी मुलीकडच्यांना 'मुलगा कॉमर्सकडे आहे' असं सांगितलं होतं. मी तेव्हा औषधांच्या गोदामात चिकटलो होतो, आणि गोदामात कॉमर्सच चालतं. बायकोला खरी गोष्ट सातव्या दिवशी कळली. ती तिने आजवर जपून ठेवली होती, मोठ्या भांडणासाठी.

भावाने शाळेतून मंडळाची नियमपुस्तिका आणली. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा किमान एक इयत्ता खाली हवा, म्हणजे नववीपर्यंत शिकलेला. दहावीची परीक्षा उत्तीर्ण झालेला चालणार नाही. आई, वडील, भाऊ, बहीण चालणार नाहीत. काकाचा उल्लेख नव्हता. नियम करणाऱ्याला काका नसावा.

नववीतलं कुणी मिळेना. ज्याच्या त्याच्या घरी वार्षिक परीक्षा तोंडावर. मागच्या इमारतीतली एक मुलगी दोन दिवस सरावाला आली, पण ती फार हुशार निघाली. बाईसाहेब एक सांगायच्या, ती "ताई, ते चुकलंय" म्हणून भलतंच लिहायची. तिसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी तिला नारळ दिला. म्हणाल्या, "माझ्या चुका माझ्या आहेत. दुसऱ्याच्या बरोबर उत्तरांनी मला पास व्हायचं नाही."

मग आमच्या बाहेरच्या खोलीत बैठक बसली. संकट आलं की आमच्या मजल्यावर माणसं आपोआप जमतात, चहा मात्र आमचा असतो. तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले म्हणाले, "डाव्या हाताने लिहायला शिकवा. माझा मेव्हणा डाव्या हाताने जेवतो." तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "पण मी म्हणते, वेळापत्रक स्टुलावर चढून लावायचंच कशाला? खाली लावावं." आता हा सल्ला आठवडाभर आधी मिळाला असता तर सोन्याचा होता. कुणी म्हणालं प्लास्टर लवकर कापा, कुणी म्हणालं मंत्र्याला भेटा. मी प्रत्येकाला 'विचार करू' म्हणत होतो. तेवढ्यात कोपऱ्यातून बाईसाहेबांचा आवाज आला.

"काका, तुम्ही दहावी नापास आहात ना?"

माझा कप बशीवर वाजला. भावाने पंख्याकडे पाहायला सुरुवात केली, म्हणजे फितूर कोण ते कळलं.

"बाबा म्हणाले होते," ती म्हणाली. "तुमचं अक्षर छान आहे. तुम्हाला गणित येत नाही. तुम्ही अगदी नियमात बसता."

बँकवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सोसायटीची टाकी चोरली होती. मला दोन रस्ते होते. हसून उडवून लावणं, हा एक. पण त्या पोरीच्या तोंडावर थट्टा नव्हती, आशा होती. मी उठून उभा राहिलो.

"होय," मी म्हणालो. "नापास. एकदा नाही, तीनदा. फक्त गणितात. आणखी कुणाला काही विचारायचंय?"

"तरीच," बँकवाले म्हणाले, "तुमच्या नोटिशीत 'सदरहू' फार असतं."

"सदरहू भाषेत येतं. भाषेत मी वर्गात पहिला होतो!"

बायको आतून चहाची किटली घेऊन आली आणि बँकवाल्यांचा कप सोडून सगळ्यांचे कप भरले. सव्वीस वर्षांच्या संसारात ती माझ्या बाजूने इतकी उघड उभी राहिलेली मला आठवत नाही.

माझ्या मते सर्वांत अवघड काम तिथेच संपलं होतं. छे! नापास आहे असं म्हणून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. नववी पास झाल्याचा दाखला जुन्या शाळेने दोन दिवसांत दिला. दहावीची गुणपत्रिका मात्र मी अठराव्या वर्षी फाडून पुलावरून नदीत टाकली होती. तेव्हा हा कागद पुढे लागेल असं कुणाला वाटलं होतं?

मंडळाच्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीवर दुसरी प्रत मिळवण्याचा अर्ज होता. त्यात रकाना होता : उत्तीर्ण झाल्याचे वर्ष. मी लिहिलं, 'झालो नाही'. खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत केला.

"रकाना नीट भरा."

"नीटच भरलाय. मी नापास आहे."

"मग दाखला कशाला हवाय?"

"नापास असल्याचा हवाय."

बाईंनी चष्मा काढला. "हे बघा काका, पास झाल्याचे खोटे दाखले घेऊन रोज दोघं-तिघं येतात. तसला संशय आला की काय करायचं, ते आम्हाला माहीत आहे. तुम्ही नापास असल्याचं खोटं सांगत नाही कशावरून?"

"बाई, या वयात नापास असल्याचं खोटं कोण सांगेल?"

"लोक काहीही करतात," म्हणून त्यांनी मला सात नंबरला धाडलं. सात नंबरने पुन्हा चारला. चारने तळघरातल्या अभिलेख कक्षात. तिथे एक वृद्ध अभिलेखपाल होते, निवृत्तीला तीन महिने राहिलेले. त्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि तासाभरात लाल कापडातला एक जाडजूड गठ्ठा खाली काढला. सदतीस वर्षांची धूळ आम्ही दोघांनी मिळून खाल्ली.

"हं, हे तुम्ही. पहिल्या वेळी एकतीस. दुसऱ्या वेळी एकोणतीस. तिसऱ्या वेळी तेहेतीस." पस्तिसाला पास. त्यांनी बोट तेहेतिसावरच ठेवलं. "दोनच गुण? अहो, त्या वर्षी एकाच विषयात नापास झालेल्याला तीन गुणांपर्यंत सवलत होती. निकालानंतर पंधरा दिवसांत साधा अर्ज करायचा होता. तुम्ही केला नाहीत?"

मी काय सांगणार? त्या पंधरा दिवसांत मी पुलावर होतो. आयुष्यभर मी दुसऱ्यांसाठी अर्ज लिहिले. गटारासाठी लिहिले, दिव्याच्या खांबासाठी लिहिले, भटक्या कुत्र्यांसाठी लिहिले. स्वतःसाठी एक चार ओळींचा अर्ज लिहिला असता तर मी पास होतो. मला एकदम खाली बसावंसं वाटलं. खाली गठ्ठेच होते, त्यांच्यावर बसलो.

अभिलेखपालांना माझी दया आली असावी. म्हणाले, "थांबा, वर साहेबांशी बोलतो. विशेष बाब म्हणून अजूनही तुम्हाला पास करता येतं का, बघू या."

मी ताडकन उठलो. "नको! साहेब, पाया पडतो, मला नापासच राहू द्या!"

मंडळाच्या इतिहासात अशी विनवणी त्या तळघराने ऐकली नसेल. मी त्यांना प्लास्टरची हकिगत सांगितली. मग स्वतःच्या हाताने त्यांनी कागद लिहिला : 'प्रमाणित करण्यात येते की, सदरहू परीक्षार्थी तिन्ही वेळा अनुत्तीर्ण आहे.' खाली गोल शिक्का. 'सदरहू' वाचून मला बरं वाटलं.

मग सराव सुरू झाला. रोज संध्याकाळी चार ते सात. बाईसाहेब खाटेवर टेकून, मी टेबलाशी. भाषेत आमचे खटके उडाले. ती सांगायची, "पावसाअभावी धान्य कमी पिकलं," आणि माझ्या हातून उतरायचं, 'उपरोक्त कारणास्तव धान्योत्पादनात लक्षणीय घट झाली.' लगेच प्लास्टर टेबलावर आपटायचं. "काका, मी काय म्हटलं? तेच लिहा." पंचावन्नाव्या वर्षी मी साधी वाक्यं लिहायला शिकलो. सोसायटीची पुढची नोटीस मी दोन ओळींची काढली, तर लोकांनी ती चक्क वाचली.

गणिताचं वेगळं झालं. गणितात ती प्रत्येक पायरी मोठ्याने सांगायची, कारण न सांगितलेलं मला कळतच नसे. "बारा कसे होतात? तीन चोक बारा. तीन आणि चार किती? सात. मग कंस करा." मला शाळेत हे कुणी असं सांगितलं नव्हतं. आमचे गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलत आणि आमच्याकडे फक्त मारायला वळत. चौथ्या आठवड्यात एके दिवशी तिने सांगण्याआधीच पुढची पायरी माझ्या डोक्यात आली. मी घाबरून पेन खाली ठेवलं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण माझं अज्ञान ही आता बाईसाहेबांची गरज होती. मी तोंड मिटून लिहीत राहिलो.

सोसायटीत मात्र माझी अब्रू पार धुळीला मिळाली होती. बँकवाल्यांनी 'सेक्रेटरीची शैक्षणिक पात्रता' असा विषय सभेपुढे ठेवला. मी म्हटलं, खुशाल ठेवा, पण सभेची नोटीस तुम्ही लिहा. त्यांनी तीन दिवस घेतले, आणि चौथ्या दिवशी मसुदा घेऊन माझ्याकडेच तपासायला आले. विषय बारगळला. जाता जाता शिक्षिकाबाईंचे यजमान जिन्यात मला गाठून हळूच म्हणाले, "मीही, बरं का. इंग्रजी. दोनदा." आणि घाईघाईने खाली निघून गेले.

परीक्षा सुरू झाली. आम्हाला चित्रकलेची खोली दिली होती. दोन बाकं, एक फळा आणि एक पर्यवेक्षिका. या चित्रकलेच्याच शिक्षिका, कारण ज्या विषयाचा पेपर त्या विषयाचा शिक्षक खोलीत चालत नाही. केंद्रसंचालकांनी पहिल्या दिवशी माझे केस बघून मला परीक्षार्थीचे पालक म्हणून बाहेर काढलं, मग दाखला वाचून आत घेतलं. दर तासाला वीस मिनिटं जादा मिळत होती. भाषेच्या पेपरात अर्जलेखनाचा प्रश्न आला : वाचनालयाला पुस्तकं मिळावीत म्हणून अर्ज लिहा. माझं आयुष्य ज्याच्यात गेलं, नेमकं तेच! बाईसाहेबांनी पाच ओळी सांगितल्या. पाच! त्यात एकही 'सबब' नाही. मी दात आवळून लिहिल्या. पुढे निकालात भाषेत तिला ब्याण्णव पडले, तेव्हा त्या पाच ओळींबद्दल मी अजून मौन बाळगून आहे.

शेवटचा पेपर गणिताचा. एक तास झाला असेल, आमचा चौथा प्रश्न चालू होता, आणि दार धाडकन उघडून भरारी पथक आत आलं. पथकप्रमुख उंच, हातात वही. बंद खोली, एक मुलगी आणि तिच्या उत्तरपत्रिकेत लिहिणारा पांढऱ्या केसांचा माणूस बघून त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की मला क्षणभर त्यांचं कौतुक वाटलं.

"पेन खाली! कोणत्या शाळेत शिकवता तुम्ही?"

"मी शिकवत नाही. मी नापास आहे."

मी दाखला दिला. त्यांनी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला. "हे काही मला पटत नाही. बोलण्यावरून तुम्ही चांगले शिकलेले दिसता. माझी खात्री व्हायला हवी. नाहीतर मी हा पेपर रोखणार आणि अहवाल पाठवणार."

बाईसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, माझी वेळ चाललीय," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. या मुलीचा आवाज कापू शकतो हे मला माहीत नव्हतं, आणि मला त्या माणसाचा मनापासून संताप आला.

पथकप्रमुख फळ्याकडे गेले आणि त्यांनी खडूने लिहिलं : एक्सचा वर्ग वजा सात एक्स अधिक बारा बरोबर शून्य. "सोडवा. येत नसेल तर तुम्ही खरे. येत असेल तर पेपर रद्द."

मी फळ्याकडे पाहिलं. तीन चोक बारा. तीन आणि चार सात. ते गणित मला येत होतं! मंडळाचा माणूस समोर उभा राहून मला गणित घालतोय आणि ते मला येतंय, यासाठी मी सदतीस वर्षं झुरलो होतो. सोडवलं तर पोरीचं वर्ष जाणार. येत नाही म्हणालो तर ते खोटं, आणि हातात खरा लेखी दाखला असताना मी तिच्यासमोर तोंडी खोटं बोलणार. "माझ्या चुका माझ्या आहेत" म्हणणारी मुलगी माझ्याकडे बघत होती.

मी पेन बाकावर ठेवलं आणि उभा राहिलो.

"मी हे गणित सोडवणार नाही," मी म्हणालो.

"म्हणजे येत नाही?"

"तसं मी म्हटलं नाही. सोडवणार नाही, असं म्हटलं. साहेब, आपल्या मंडळाने माझी तीनदा परीक्षा घेतली. तीनदा निकाल लावला. शेवटच्या वेळी दोन गुणांनी मला घरी बसवलं, आणि मी एका शब्दाने तक्रार केली नाही. तो निकाल खोटा असेल तर तसं लिहून द्या, मी आत्ता जातो आणि माझी सदतीस वर्षं परत मागतो. खरा असेल तर त्याच्यावर आपल्याच मंडळाचा शिक्का आहे. आपली खात्री होत नसेल तर ती आपल्या मंडळाबद्दल होत नाहीये, माझ्याबद्दल नाही. मला चौथ्यांदा परीक्षेला बसवायचं असेल तर अर्ज द्या, शुल्क घ्या, बैठक क्रमांक द्या, प्रवेशपत्र द्या. असं वाटेत गाठून माझी परीक्षा घेण्याचा अधिकार नियमपुस्तिकेत कुठे आहे, तेवढं दाखवा. माझ्याकडे पुस्तिका आहे. पाठ आहे."

चित्रकलेच्या बाई खाली मान घालून रुमालात खोकत होत्या, पण तो खोकला नसावा.

"आणि आपण आल्यापासून," मी घड्याळ दाखवलं, "या मुलीची अकरा मिनिटं गेली. ती मला लेखी हवीत. जादा वेळेच्या शेऱ्यात, आपल्या सहीने."

पथकप्रमुखांनी दाखला पुन्हा वाचला. या वेळी सुलट. त्यांनी केंद्रसंचालकांना बोलावलं, दोघं दारात कुजबुजले, आणि मग त्यांनी पर्यवेक्षिकांच्या तक्त्यावर लिहिलं : अकरा मिनिटे वाढवून द्यावीत. मी म्हटलं, "बारा झाली." त्यांनी अकराचे बारा केले.

त्या बारा मिनिटांत बाईसाहेबांनी शेवटचा पाच गुणांचा प्रश्न सांगितला आणि मी लिहिला. घंटा झाली. पर्यवेक्षिकांनी उत्तरपत्रिका घेतली, पुरवण्या मोजल्या, दोरा बांधला, पाकिटात घालून पाकिटाला लाख लावली. आता त्या पेपरात कुणाच्या बापाला काही फिरवता येणार नव्हतं.

मग मी फळ्याशी गेलो आणि खडू उचलला. पायरी एक, पायरी दोन, कंस, दुसरा कंस. अक्षर झकास आलं. खाली लिहिलं : एक्स बरोबर तीन. त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. दारात पथकप्रमुख पाकीट न्यायला उभे होते.

"तुम्हाला येतंय की हो!" ते ओरडले.

"येतंय," मी म्हणालो. "अहवालात खुशाल लिहा. माणूस नापास आहे आणि त्याला येतं, असं लिहा."

ते वही उघडून तसेच उभे राहिले. कोणत्या रकान्यात लिहावं ते त्यांना कळेना. मागून प्लास्टरचा हात माझ्या खांद्यावर आपटला.

"काका, दोन उत्तरं असतात त्याला. एक राहिलं."

"साहेब, जरा थांबा," मी पथकप्रमुखांना म्हणालो, आणि खडू पुन्हा उचलला.